शेवटच्या तासाला खडा नसतो

“मॅडम, अजून एक आहे.”

खिडकीजवळच्या बाकावरून सुई हे म्हणाली तेव्हा फळ्यावर लाल खडूचे एक वर्तुळ काढून झालेले होते. मुलांनी पेनांची टोपणे काढली होती. आता सिद्धता वहीत उतरवायची आणि घरी जायचे, एवढेच उरले होते. सुई हे त्या मुलीचे वर्गाने ठेवलेले नाव. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि कुठे काही रुतलेले असले की टोकरून बाहेर काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“अजून एक?” माझी बायको फळ्याकडे वळली. “कुठं?”

“सहावी ओळ. प्रत्येक पद लहान आहे म्हणून बेरीज लहान, असं धरलंय. पण पदं तर अनंत आहेत.”

बायकोने सहावी ओळ वाचली. एकदा वाचून पुरे झाले असते, पण तिने ती पुन्हा वाचली. मग सुईला लाल खडू दिला, सुईने दुसरे वर्तुळ काढले, आणि बायको म्हणाली, “बरोबर. आज दोन ठेवले होते.”

“म्हणजे एकावर एक फुकट का मॅडम?” मधल्या रांगेतून एकजण म्हणाला. कुणी काहीही म्हटले की याचे उलट उदाहरण तयार असे, म्हणून वर्ग त्याला वकील म्हणायचा. सगळे हसले. बायकोही हसली. मी हसलो नाही, पण मागच्या बाकाकडे कुणी पाहत नाही, हा मागच्या बाकाचा फायदा आहे.

मी याच विभागात संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्त झालो तेव्हा माझी खोली गेली, टेबल गेले, सवय मात्र राहिली. सकाळी बायकोबरोबर निघायचे, ग्रंथालयात वाचत बसायचे, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना ती गणितातले वास्तव विश्लेषण शिकवते त्या तासाला मागे जाऊन बसायचे. तिच्या विषयातले मला पुरते कधीच कळले नाही. ऐकायला बरे वाटते म्हणून जात असे.

तिची शिकवण्याची एक रीत होती. तासाला एक प्रमेय ती सिद्ध करी, आणि त्या सिद्धतेत एक पायरी मुद्दाम चुकीची ठेवी. इतकी बेमालूम की घासाबरोबर गिळली जावी. लिहून झाले की खडू खाली ठेवायची, हाताची घडी घालायची आणि वर्गाकडे बघत उभी राहायची. मुले या चुकीला खडा म्हणत. तो सापडेपर्यंत कुणी पेन उघडायचे नाही, हा नियम. ज्याला सापडेल त्याने फळ्याशी यायचे आणि लाल खडूने गोल करायचा. ती शाबासकी देत नसे. “पोटात गेला असता,” एवढेच म्हणे. मुलांना ती शाबासकी वाटे.

वर्षातला एकच तास असा असे की त्यात खडा नसे, तो म्हणजे शेवटचा. त्या दिवशी मुलांनी पहिल्यापासून पेन उघडून बसायचे आणि जे फळ्यावर येईल ते डोळे मिटून उतरवायचे. “वर्षभर निवडून खाल्लंत,” ती म्हणायची, “एक दिवस निवडलेलं वाढते.”

त्या दिवशी तिने दोन ठेवले नव्हते, हे मला ठाऊक होते. रोज सकाळी चहाच्या वेळी ती मला त्या दिवशीची सिद्धता सांगे आणि म्हणे, “ओळखा, खडा कुठाय.” मला कधीच ओळखता आला नाही. मग ती स्वतःच दाखवी. हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून चालत आलेले. त्या सकाळी तिने दाखवलेला खडा तिसऱ्या ओळीत होता. सहाव्या ओळीबद्दल ती काही बोलली नव्हती, कारण सकाळी सहावी ओळ बरोबर होती.

विभागातली मुले तिला शंभर म्हणत आणि मला पंच्याण्णव. गणितवाल्यांचे सिद्ध झाले म्हणजे शंभर टक्के झाले. आम्ही संख्याशास्त्रवाले फार तर पंच्याण्णव टक्के खात्री देतो आणि वर माफी मागतो. “एका घरात दोघांचं कसं जमतं?” एकदा निरोपसमारंभात कुणीतरी विचारले होते. “ते पाच टक्के मी सोडून देते,” ती म्हणाली होती. टाळ्या तिला मिळाल्या होत्या. त्या रास्तच होत्या, कारण मला त्या दिवशीही उत्तर सुचले नव्हते.

पुढच्या आठवड्यांत दोन खडे निघू लागले, कधी तीनही. मुलांना वाटले परीक्षा जवळ आली म्हणून मॅडमनी जोर धरलाय. वकील जिन्यात मित्रांना सांगत होता, “यंदा शंभर फॉर्मात आहे. एक सापडला म्हणून हुरळून जाल तर दुसरा दाताखाली.” ती प्रत्येक वेळी म्हणे, “हो, हाही ठेवला होता.” प्रत्येक वेळी वर्ग खूश होई.

मी मोजले नाही. जन्मभर मुलांना सांगत आलो की आधी मोजा, मग बोला. मोजायची वेळ आली तेव्हा मी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसू लागलो. न मोजलेल्या गोष्टीवर निष्कर्ष काढता येत नाही, असे स्वतःला सांगितले. ते शास्त्राला धरून होते.

एके दुपारी ग्रंथालयाच्या दाराशी विभागप्रमुख भेटला. हा तिचाच विद्यार्थी. आता त्याचे केस पिकलेत, पण मी त्याला अजून अरे-तुरे करतो आणि त्यालाही त्याचे काही वाटत नाही.

“सर, वेळ आहे का?”

“वेळेचं तर दुकान आहे माझं आता. बोल.”

त्याने मला बाजूच्या रिकाम्या वर्गात नेले. दार लोटून घेतले. मग बराच वेळ खुर्ची सरळ करत राहिला.

“मॅडम कशा आहेत?”

“ठीक आहे की. चहाला ये, तिलाच विचार.”

“तसं नाही सर.” तो बसला. “मुलं म्हणतात हल्ली तासाला दोन-दोन, तीन-तीन खडे असतात.”

“असतात.”

“सगळे ठेवलेले असतात?”

मी म्हणालो, “सांगता येत नाही.”

“तुमच्या विषयाच्या माणसाला विचारू नये तेच खरं,” तो म्हणाला, पण हसला नाही. “पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लावायचंय. मॅडमची निवृत्तीनंतरची मुदतवाढ माझ्या शिफारशीवर मिळते. हा कोर्स मॅडमचा, हे मी सोडा, इथला शिपाईसुद्धा सांगेल. मला तो काढून घ्यायचा नाही हो. पण वर्गात सगळे खडे निघतात ते सुईमुळे. ती एखादे दिवशी आली नाही तर? मुलं चुकीचं प्रूफ घेऊन बाहेर पडतील. आणि चुकीचं प्रूफ म्हणजे नव्वद टक्के बरोबर प्रूफ नव्हे, ते प्रूफच नव्हे, हे मला शिकवलंय कुणी?”

मी बाकावरची खडूची भुकटी बोटाने पुसली.

“शेवटच्या तासाला मी येऊन बसतो. त्या दिवशी खडा नसतो ना. तास नीट गेला तर मी शिफारस लिहून मोकळा. परत हा विषय काढणार नाही.”

“आणि नाही गेला तर?”

त्याने फळ्याकडे पाहिले. फळा कोरा होता. “तर तुम्ही बोला त्यांच्याशी. मला नाही जमणार, सर. अजून त्यांच्यापुढे उभं राहिलं की वाटतं, आपला गृहपाठ राहिलाय.”

मी घरी जाऊन तिला सांगायचे ठरवले. वाटेत वाक्य तयार केले. मग ते फार थेट वाटले म्हणून बदलले. घर येईपर्यंत त्या वाक्यात इतके ‘कदाचित’ आणि ‘मला वाटतं’ शिरले होते की त्याचा अर्थ काहीच उरला नव्हता. ती जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून बसली होती. पूर्वी ती कागद घेत नसे. भाजी निवडता निवडता तास तयार होई. आता पुरी सिद्धता लिहायची, वाचायची, आणि फाडून टाकायची. वर्गात कागद न्यायचा नाही, हा तिचा नियम तिने मोडला नव्हता.

“शेवटच्या तासाला तेच प्रमेय ना?” मी विचारले.

“तेच.”

शेवटच्या तासाला ती नेहमी एकच प्रमेय घेई. मला कळलेले सांगतो. कितीही वेडावाकडा वक्र काढा, फक्त मध्ये कुठे तुटू देऊ नका. त्याच्या हव्या तितक्या जवळून जाणारी बहुपदी सापडतेच, म्हणजे नुसत्या बेरजा-गुणाकारांनी बनलेले साधे सूत्र. वाकड्यातल्या वाकड्यालाही साधी सोबत मिळते, असे मी एकदा म्हटले होते आणि तिने मला गप्प बसवले होते. या प्रमेयाच्या सिद्धता अनेक आहेत. तिची लांब होती, कष्टाची आणि शिस्तीची. दुसरी एक आमच्या बाजूची. तीत नाणे उडवतात. छापा पडण्याची शक्यता आपल्या हातात ठेवायची, नाणे पुष्कळ वेळा उडवायचे, छाप्यांचे प्रमाण कुठे येते ते बघायचे आणि तिथल्या उंचीची सरासरी काढायची. बहुपदी आपोआप हातात येते. मी ही सिद्धता माझ्या मुलांना शिकवत असे आणि दरवर्षी तिला म्हणत असे, एकदा ही करून बघ.

“यंदा तुमची नाणी उडवू या,” ती म्हणाली.

मला वाटले मी चुकीचे ऐकले. “तू तर म्हणायचीस, नाणी उडवून जुगार होतो, सिद्धता नाही.”

“म्हातारपणी माणूस जुगाराला लागतो.” तिने कागद सारखे केले. “बसा. मी सांगते, तुम्ही ऐका. आणि मध्येमध्ये मान डोलवू नका. तुम्ही बरोबरला डोलवता आणि चुकीलाही डोलवता.”

तिने नाण्यांची सिद्धता माझ्यासाठी निवडली, की तिची जुनी सिद्धता लांब होती म्हणून, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येत नाही. विचारता आले असते.

तिने कागद उलटे ठेवले आणि टेबलावर बोटाने रेघा मारत सांगू लागली. सुरेख सांगितले. एका जागी थांबली.

“इथं मुलं घसरतात,” ती म्हणाली. “वक्रावर प्रत्येक ठिकाणी किती जवळ राहिलं की चालतं, ते वेगळं. सपाट असेल तिथं ढिलं चालतं, चढ असेल तिथं नाही. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. पण आपल्याला सगळ्या कुलपांना लागणारी एक किल्ली पाहिजे. अशी किल्ली असेलच असं नाही. इथं ती आहे, कारण आपला वक्र दोन्ही टोकांनी बंद अशा जागेवर आहे. हे एक वाक्य म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही.”

“पहिल्या महिन्यात तू हाच खडा ठेवतेस,” मी म्हणालो.

“दरवर्षी. आणि दरवर्षी पोरं गिळतात.” ती शेवटापर्यंत गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बरोबर आहे ना?”

हा प्रश्न तिने मला तोवर कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, “हो.”

“किती टक्के?”

“पंच्याण्णव.”

“म्हणजे बरोबर आहे,” ती म्हणाली. कागद फाडत असताना तिने सहज विचारले, “तो येऊन बसणार आहे ना त्या दिवशी?”

“कोण?”

“कोण म्हणजे. परवा जिन्यात भेटला तर मला वाट द्यायला चार पायऱ्या मागं उतरला. माणूस एवढा वाकला की समजावं, पोटात काहीतरी आहे.” तिने फाडलेल्या कागदांची चळत केली. “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“बोलला नाहीत.”

“जमलं नाही.”

“बरं.” ती उठली, कागद टोपलीत टाकून आली, पुन्हा बसली. “मला अजून एक वर्ष पाहिजे, अहो. ती सुई पुढच्या वर्षी इथंच असणार, वरच्या वर्गाला. अशी मुलगी दर वर्षी येत नाही. तिला मीच पाहिजे असं काही नाही. तिला कुणीही शिकवलं तरी ती शिकेल. मला ती पाहिजे.”

मी मान डोलवली.

“आणि तुम्ही मागे बसून टाकीकडे बघत असता ते मला दिसतं. फळ्यापाशी उभं राहिलं की सगळं दिसतं.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “एक मात्र खरं. कधीकधी वळून बघते तर ओळ माझ्याच अक्षरात असते, आणि ती मी लिहिली असं वाटत नाही.”

शेवटच्या तासाला वर्ग भरलेला होता. वकिलाने नवे पेन आणले होते. विभागप्रमुख माझ्या शेजारी येऊन बसला, मांडीवर कोरा कागद घेऊन. बायको आली, तिने सगळ्यांकडे पाहिले, त्याच्याकडेही इतरांइतकेच पाहिले.

“पेनं उघडा,” ती म्हणाली. “आज खडा नाही.”

“नक्की ना मॅडम?” वकील म्हणाला. “नाहीतर निवडलेलं म्हणून वाढाल आणि...”

“तू आधी वही उघड.”

ती लिहू लागली. अक्षर नेहमीसारखेच, उभे आणि सुटे. नाण्याचे बोलताना तिने खिशातून खरेच एक नाणे काढले, उडवले, झेलले आणि न बघताच परत ठेवले. “काय पडलं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही,” ती म्हणाली. “पुष्कळ वेळा उडवल्यावर काय होतं, तेवढंच बघायचं.” मुले हसत हसत उतरवत होती. विभागप्रमुखाचा कागद अजून कोरा होता. त्याचा खांदा सैल झालेला मला जाणवला.

मग ती त्या जागी आली. तिने लिहिले, वक्रावरचा कोणताही एक बिंदू घ्या. लिहिले, त्या बिंदूसाठी पुरेसे असे अंतर घ्या, त्याला डेल्टा म्हणू. आणि पुढच्या ओळीला लागली.

मी वाट पाहिली. वाटले, ते वाक्य ती तोंडी म्हणेल. ती पुढची ओळ लिहीत होती. मग त्याच्या पुढची. एका बिंदूची किल्ली हातात घेऊन ती एकेक दार उघडत चालली होती आणि दारे उघडल्यासारखी दिसत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खडा आपला आपण दिसला. दिसणारच होता, सिद्धता माझ्या घरची होती.

माझा हात बाकावर होता. तो उचलायचा म्हणजे काय करायचे, हे मला ठाऊक होते. इतर सगळ्यांना ठाऊक असते तसेच. तो तिथेच राहिला. शेजारचा कागद कोराच होता, पण विभागप्रमुखाने पेनाचे टोपण लावले होते.

तिने शेवटची ओळ लिहिली, खडू ठेवला आणि वळली. सवयीने हाताची घडी घातली. वर्ग माना खाली घालून उतरवत होता. खिडकीजवळ सुईचा हात अर्धा वर गेला आणि केसांवरून फिरून खाली आला.

“हात का खाली घेतलास?” बायको म्हणाली.

“काही नाही मॅडम. चष्मा...”

“चष्मा तू लावत नाहीस.”

कुणीतरी हसले. सुई वहीकडे बघत म्हणाली, “आज खडा नसतो ना, मॅडम.”

“नसतो. तुला काय दिसलं ते सांग.”

सुईने एकदा मागे पाहिले, माझ्याकडे की विभागप्रमुखाकडे, कोण जाणे. मी टाकीकडे पाहिले नाही. एवढेच त्या दिवशी मला जमले.

“डेल्टा,” ती हळू म्हणाली. “तो एका बिंदूपुरता घेतलाय. खाली सगळ्यांना लावलाय.”

बायको फळ्याकडे वळली. वर्गात पेने थांबली. तिने ती ओळ वाचली आणि तिथून खाली शेवटपर्यंत सावकाश वाचत गेली. मग लाल खडू उचलून सुईसमोर धरला.

“ये. गोल कर.”

सुई आली. वर्तुळ काढताना खडू तिच्या हातून मोडला. अर्ध्या तुकड्याने तिने ते पुरे केले.

“पोटात गेला असता,” बायको म्हणाली.

आणि वर्गाचा श्वास सुटला. “मॅडम,” वकील बाक वाजवत म्हणाला, “शेवटच्या दिवशीपण ठेवलात. आम्ही सगळे गाफील. मानलं तुम्हाला.” सगळी मुले हसू लागली, टाळ्या वाजू लागल्या. सुई हसत नव्हती, पण तिनेही आशेने वर पाहिले. विभागप्रमुख अगदी स्थिर बसला होता. मला वाटते तोही वाट पाहत होता, की तिने हो म्हणावे. तिने हो म्हटले असते तर तो ते मान्य करायला तयार होता. मी तर होतोच.

तिने टाळ्या संपू दिल्या.

“नाही,” ती म्हणाली. “हा मी ठेवला नव्हता.”

ती सुईकडे वळली. “आणि तू. चुकीला चूक म्हणायला उचललेला हात खाली घेऊ नकोस. फळ्यापाशी कुणी का असेना. कुणाची चूक सांगायचं टाळलंस म्हणजे त्याला आपल्यातून वगळलंस. कळलं?”

“हो मॅडम.”

“आता दुरुस्त कर. इथून पुढं तू घे.”

तिने पांढरा खडू सुईच्या हातात दिला आणि रांगांमधून मागे आली. विभागप्रमुख उठून उभा राहिला. ती त्याच्या जागी माझ्या शेजारी बसली, त्याच्या हातातला कोरा कागद तिने घेतला, आणि माझ्यापुढे हात केला. मी पेन दिले. सुई फळ्यावर ते वाक्य लिहीत होती, दोन्ही टोकांनी बंद, म्हणून एकच डेल्टा सगळ्यांना पुरतो. लिहिता लिहिता तिचा आवाज मोठा होत गेला. बायको मान खाली घालून शब्दन्‌शब्द उतरवत होती.

“मोठं काढ अक्षर,” मध्येच ती म्हणाली. “मागे दिसत नाही.”

तास संपल्यावर ती विभागप्रमुखाच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडेच होते. “वेळापत्रकात माझं नाव घालू नकोस,” ती म्हणत होती, “आणि तोंड असं करू नकोस. गृहपाठ केला नाहीस की असंच तोंड करायचास.”

तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या साडीच्या काठाला लाल खडू लागलेला होता. घरी येईपर्यंत तिचे लक्ष गेले नाही, आणि मीही सांगितले नाही.

आता सकाळी खडा मी ठेवतो. विषय माझा, साधाच. सरासरी, शक्यता, नमुने. चहाच्या आधी मी कागदावर पाचसहा ओळी लिहितो, त्यातली एक वाकडी करतो, आणि कागद तिच्याकडे सरकवतो. सुई वरच्या वर्गात आहे. मधूनमधून येते, तिच्या नव्या प्रमेयांविषयी बोलते. ती आली की बायको पुष्कळ बोलते आणि गेल्यावर थोडा वेळ झोपते.

सुरुवातीला माझे खडे तिला कागद हातात येताच सापडत. “हे काय बाळबोध,” म्हणायची. मग मी जरा अवघड लिहू लागलो. मग पुन्हा सोपे.

आज सकाळी मी दुसऱ्या ओळीत ठेवला होता. तिने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ वाचला. मग लाल पेन्सिल घेऊन तिने गोल केला आणि कागद माझ्यापुढे ठेवून घडी घालून बसली.

गोल चौथ्या ओळीभोवती होता. मी चौथी ओळ वाचली. न जाणो, माझेही चुकलेले असेल, असे वाटून पुन्हा वाचली. चौथी ओळ बरोबर होती.

ती माझ्याकडे बघत होती. काय म्हणायचे ते ठरलेले होते. “पोटात गेला असता”, तीनच शब्द. ते म्हणणे सोपे होते आणि तिला ते आवडले असते.

मी हात वर केला. टेबलाशी समोरासमोर बसलेल्या माणसाने हात वर करायची गरज नसते, पण तो गेला.

“बोला,” ती म्हणाली.

“ही ओळ बरोबर आहे गं. खडा इथं नाही.”

तिने कागद परत ओढून घेतला. चौथी ओळ बोटाखाली धरून एकदा वाचली, आणि मान हलवली.

“मग आहे अजून,” ती म्हणाली, “सांगू नका.”

ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली. तिचा चहा निवत चालला होता. मी त्यावर बशी झाकली आणि बसून राहिलो.